त्याचं मनोगत राहिलंच!

‘सन्माननीय व्यासपीठ, व्यासपीठावर विराजमान असलेले प्रमुख पाहुणे, पूज्य गुरुजनवर्ग आणि इथे जमलेल्या माझ्या बालमित्र-मैत्रिणींनो...’

हे वाचताना डोक्यात आपोआप त्याची ती ठरलेली चाल सुरू झाली असेल, तर तुम्हीही माझ्यासारखेच. मराठी शाळेचा पक्का माल! दहावीच्या निरोप समारंभात आपण हे एकदा तरी म्हटलेलं असतं, नाहीतर म्हणणाऱ्याकडे बघून हसू दाबलेलं असतं.

आमचा सेंड-ऑफ झाला फेब्रुवारी २०२० मध्ये. किन्हवलीकडची थंडी नुकती सरत होती. फळ्यावर रंगीत खडूनं ‘शुभेच्छा’ लिहिलं होतं आणि त्यातला ‘च्छा’ तीनदा पुसून लिहावा लागला होता. आम्ही मुली आयांच्या साड्या नेसून आलो होतो. वर्गणी काढून शाळेला भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. (सेंड-ऑफला मिळालेली घड्याळं सगळ्या शाळांनी बाहेर काढली, तर प्रत्येक वर्गाला पाच येतील.) भाषण मी केलं, कारण मी वर्गातली ‘बोलणारी मुलगी’. भाषण कुठून आलं? आदल्या वर्षीच्या ताईच्या वहीतून. तिनं ते तिच्या आदल्या ताईच्या वहीतून घेतलेलं. शाळेनं आम्हाला घडवलं, पिल्लं आता घरटं सोडून उडणार, आणि शेवटी कळत-नकळत काही चुकलं असेल तर मोठ्या मनानं माफ करा. ‘मोठ्या मनानं’वर माझा आवाज भरून आला. ते रडणं मात्र वहीतलं नव्हतं. मग वेफर्स, समोसा, फोटो. पुढच्या महिन्यात परीक्षा सुरू झाली आणि २३ मार्चचा भूगोलाचा पेपर लॉकडाऊनमुळे झालाच नाही. बोर्डानं बाकीच्या विषयांच्या सरासरीनं गुण दिले.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे डेस्कवरून आलेला विषय. एप्रिल आहे, शाळांचं वर्ष संपतंय, तर ‘वर्ष संपताना मुलं काय म्हणतात’ यावर काहीतरी कर. फक्त टॉपरच्या मुलाखती नकोत. मी शोधायला लागले आणि भलत्याच ठिकाणी पोचले. जगात काही शाळा अशा आहेत, जिथे वर्षाच्या शेवटी मुलांना ‘किती मार्क पडले’ हे विचारण्याआधी ‘या वर्षात तुझं काय झालं’ हे विचारतात. घरातून पळालेली, शाळेतून काढलेली, नशेत अडकलेली, स्वतःला इजा करून घेणारी, नाहीतर नुसतीच गप्प झालेली टीनएजर मुलं तिथे राहतात आणि शिकतात. इंग्रजीत त्यांना थेरप्युटिक स्कूल म्हणतात. मराठीत काय म्हणायचं यावर आमची बरीच चर्चा झाली. ‘उपचारात्मक शाळा’ ऐकून दात काढायला निघाल्यासारखं वाटतं. मी माझ्यापुरतं ‘मन सावरणारी शाळा’ असं म्हणते.

यातलं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे इंग्लंडमधली समरहिल. ए. एस. नील यांनी १९२१ मध्ये सुरू केलेली ही शाळा खरं तर सगळ्यांसाठी होती, पण सुरुवातीच्या वर्षांत तिथे ‘वाया गेलेली’ म्हणून पाठवलेली मुलं बरीच असायची. तासाला बसायची सक्ती नाही. शाळेचे नियम मुलं आणि शिक्षक मिळून सभेत ठरवणार आणि त्या सभेत सहा वर्षांच्या पोराचं मत आणि नील यांचं मत सारखंच मोजलं जाणार. नील अशा मुलांना एकेकटं बोलावून गप्पा मारायचे. त्याला ते ‘खासगी धडे’ म्हणायचे. आता गंमत बघा. पुढे त्यांच्याच लक्षात आलं की, जी मुलं या खासगी धड्यांना कधी आलीच नाहीत, तीसुद्धा बरी झाली होती. मग त्यांनी स्वतःच कबूल केलं की मुलांना माझ्या उपचारानं नाही, तर मोकळीकीनं बरं केलं. आपलं औषध लागू पडलं नाही हे एवढ्या मोकळेपणानं सांगणारा हेडमास्तर मी तरी दुसरा ऐकलेला नाही.

पण नाव ‘थेरपी’चं आणि आत भलतंच, असंही घडलंय. अमेरिकेत हा चक्क धंदा झाला. आईबाप ‘हाताबाहेर गेलेल्या’ मुलांना भरमसाट फी भरून लांबच्या निवासी शाळांत पाठवायचे. त्यातल्या काही ठिकाणी मारहाण, एकांतात कोंडणं, घरी फोन करायला बंदी. अशा शाळांत किशोरवयात आपला छळ झाला, असं पॅरिस हिल्टननं जाहीरपणे सांगितलं आणि मग ती कायद्यासाठी वर्षानुवर्षं मागे लागली. हो, तीच, आपल्याला पार्टी आणि पर्ससाठी माहीत असलेली. अशा संस्थांमधल्या मुलांच्या छळाला आळा घालण्यासाठीचा कायदा अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये झाला. म्हणजे मूल सावरतंय की नुसतं गप्प बसवलंय, हे बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. वर्षअखेरीला दोन्हीकडची मुलं शहाण्यासारखी रांगेत उभी दिसणार आणि ‘मी खूप बदललो’ असंच म्हणणार.

इंग्लंड-अमेरिका झालं. आपल्याकडे काय?

मी शोधत होते लांब आणि उत्तर होतं माझ्या एसटीच्या खिडकीबाहेर. मुरबाडहून कल्याणला येताना वाटेवर मामणोली नावाचं गाव लागतं. कॉलेजसाठी मी या रस्त्यानं कितीतरी वेळा आले-गेले, आणि बहुतेक वेळा झोपेत. तिथे समतोल फाउंडेशनचं मनपरिवर्तन केंद्र आहे. विजय जाधव यांनी सुरू केलेली ही संस्था मुंबई-ठाणे परिसरातल्या रेल्वे स्टेशनांवर सापडणाऱ्या मुलांसाठी काम करते. घर सोडून आलेली मुलं प्लॅटफॉर्मवर उतरतात. कुणी रागावून, कुणी मार खाऊन, कुणी हिरो व्हायला, कुणी नापास झाल्यावर. पहिले काही तास, फार तर पहिले दोन-तीन दिवस महत्त्वाचे असतात. त्याच्या आत चांगल्या माणसाची नजर पडली नाही, तर भलत्या माणसाची पडते. संस्थेचे कार्यकर्ते स्टेशनांवर अशी मुलं हेरतात, त्यांच्याशी बोलतात. पुढे कायद्याप्रमाणे बाल कल्याण समिती वगैरे प्रक्रिया होते. मग साधारण ४५ दिवसांचं शिबिर. त्यात वेळेवर उठणं-जेवणं, व्यायाम, खेळ, अभ्यास आणि मुख्य म्हणजे समुपदेशन. शिबिर संपलं की मुलांना त्यांच्या आईवडिलांच्या हाती सोपवतात.

म्हणजे या मुलांचं ‘शैक्षणिक वर्ष’ पंचेचाळीस दिवसांचं! आणि त्यांचा निरोप समारंभ आपल्या उलटा. आपण सेंड-ऑफला शाळेतून जगात जातो, ही मुलं जगातून पुन्हा घरी जातात. ज्या दारातून एक दिवस पळून आलो, त्याच दारात.

आत जाऊन मुलांना ‘तुला काय वाटतं’ असं विचारण्याचा मोह मला झाला होता. रिपोर्टर म्हणून तोच ‘कॉपी’चा जीव असतो ना! पण बालन्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलांची ओळख पटेल असं काही छापता येत नाही, आणि कायदा बाजूला ठेवला तरी, स्वतःला नुकतं कुठे सावरणाऱ्या मुलापुढे मी वही उघडून बसायचं, हे मलाच बरोबर वाटलं नाही. म्हणून त्या मुलांबद्दल इथे याहून जास्त काही नाही.

एक शंका मात्र लिहिते. ‘मनपरिवर्तन’ हा शब्द मला थोडा टोचतो. काम मोठं आहे, त्याबद्दल प्रश्नच नाही. पण मन फक्त पळालेल्या मुलाचंच बदलायचं का? दारात उभ्या असलेल्या बापाचं, वर्गात टोमणा मारणाऱ्या सरांचं? मूल ४५ दिवसांत सावरतं, पण घर तिथंच असतं, शाळा तिथंच. अशा कामात पालकांशीही बोलावं लागतं ते त्यामुळेच. ही शंका मला पुस्तकातून आलेली नाही, मामाच्या घरातून आली आहे.

माझा मामेभाऊ माझ्याहून तीन वर्षांनी लहान. मामाचं गाव मुरबाड तालुक्यात, आमच्या किन्हवलीपासून सरळगाव ओलांडून आणखी आत. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा तो सातवीतून आठवीत गेला. घरात स्मार्टफोन एक, तो मामाबरोबर कामावर जायचा. संध्याकाळी फोन घरी यायचा तेव्हा रेंज गेलेली असायची. आठवीचं अख्खं वर्ष त्यानं काय शिकलं, हे त्यालाही सांगता येत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये आमच्याकडच्या शाळा पुन्हा रीतसर भरल्या तेव्हा तो नववीत होता आणि फळ्यावर बीजगणिताची दोन चलांमधली समीकरणं होती. त्याला एका चलाचं येत नव्हतं. जानेवारीत तिसऱ्या लाटेनं शाळा परत बंद, परत सुरू. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याला प्रगतिपुस्तक मिळालं, वडिलांची सही आणायला. त्या दिवशी तो घरी आला नाही.

चार दिवस. मामानं पोलिसात ‘मिसिंग’ नोंदवली. आईनं देव पाण्यात घातले. माझी बारावीची परीक्षा तोंडावर होती, म्हणून मला कुणी काही सांगत नव्हतं, पण घरातल्या फोनवरच्या कुजबुजीतून कळत होतंच. पाचव्या दिवशी सकाळी इगतपुरीहून फोन आला. एका चहावाल्यानं त्याच्याकडून नंबर काढून घेतला होता.

तो घरी आला. मामीनं मीठ-मोहरी ओवाळून टाकली. कोंबडी कापली. आणि सगळ्यांनी मिळून, कुणीही न ठरवता, एक गोष्ट ठरवली ती म्हणजे यावर बोलायचं नाही. ‘पोरगा आला ना, बास!’ शाळेत मात्र त्याचं नाव पडलं ‘इगतपुरी एक्स्प्रेस’. मुलांनी ठेवलं, पण एका सरांनीही ते हजेरीला वापरलं आणि वर्ग हसला. (शाळेचं नाव लिहीत नाही. ही गोष्ट एकाच शाळेची असती तर फार बरं झालं असतं.) एप्रिलमध्ये त्याला ‘वर घातला’. दहावीत तो दिवाळीपर्यंत गेला, मग गेलाच नाही. म्हणजे त्याच्या दहावीला सेंड-ऑफ झाला, कुणीतरी ‘सन्माननीय व्यासपीठ’ म्हटलं, घड्याळही दिलं असेल. तेव्हा हा मुरबाडच्या एका गॅरेजमध्ये मोटारसायकली धूत होता.

चार दिवसांत काय झालं, तू का गेलास, परत आल्यावर कसं वाटलं, हे त्याला तेव्हा कुणीही विचारलं नाही. मीही नाही. मी तर ‘बोलणारी मुलगी’!

आता कागदावरचं बघू. कागदावर आपल्याकडे विचारायची सोय बरीच आहे. तुमचं आठवीपर्यंतचं प्रगतिपुस्तक काढा. गुणांऐवजी श्रेणी आल्या तेव्हापासून त्यात वर्णनात्मक नोंदींचे रकाने आले. विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. कल्पना किती सुंदर! शिक्षकानं प्रत्येक मुलाकडे बघून त्याच्याबद्दल दोन ओळी लिहायच्या. प्रत्यक्षात या नोंदींच्या तयार याद्या मिळतात आणि त्यातून अख्ख्या वर्गाच्या नोंदी एका दुपारी उतरतात. माझ्या सातवीच्या पुस्तकात ‘चित्रे सुबक काढते’ असं आहे. मला आजही गोल काढता येत नाही. शिक्षकांनाच दोष देऊन उपयोग नाही, कारण त्यांच्या डोक्यावर सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं आणि निवडणुकीची कामं असतात, हे आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आणखी पुढची गोष्ट आहे. प्रगतिपत्रकात मुलानं स्वतः स्वतःचं मूल्यमापन करायचं, मित्रांनीही करायचं. म्हणजे वर्षअखेरीचं मनोगत थेट प्रगतिपुस्तकातच! फक्त तेही ताईच्या वहीतून उतरवलं जाऊ नये.

आणि न्यायालय? २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल १५ मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. त्यात एक असं की, शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असला पाहिजे. त्याहून लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं. निकालामागचं कारण साधं नव्हतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यात सगळ्यात जास्त आपल्या महाराष्ट्रातले होते. निम्हान्सनं केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ वयाच्या मुलांपैकी ७.३ टक्के मुलांमध्ये कुठली ना कुठली मानसिक तक्रार आढळली होती. साठच्या वर्गात हिशेब केला तर चार जण. माझ्या वर्गातले ते चार कोण असतील, याचा मी परवा विचार करत बसले होते. दोन नावं लगेच आली.

सुट्टीत घरी गेले तेव्हा ओळखीच्या आठवी-नववीच्या पोरांना मी विचारलं, तुमच्या शाळेत काउन्सेलर आहे का? एक म्हणाला, ‘क्लार्क आहेत.’ दुसरीला वाटलं, अ‍ॅडमिशनचं काउन्सेलिंग. एका चुणचुणीत मुलीनं सांगितलं की, ‘सर सांगतात, काही प्रॉब्लेम असेल तर सांगा. पण सगळ्यांसमोर सांगतात ना, मग कोण सांगणार?’ मला वाटतं, पंधरा तत्त्वांवरचं हे सोळावं आहे.

मनाच्या डॉक्टरकडे जायचं म्हटलं तर आमच्याकडून ठाणं हेच खरं ठिकाण. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. ‘ठाण्याला पाठवा याला’ या थट्टेत अख्ख्या महाराष्ट्राला ते माहीत आहे, आणि नेमकं त्याच थट्टेमुळे तिथे जायला लोक घाबरतात. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही संस्थाही ठाण्यातच. पण किन्हवलीहून जीपनं शहापूर, तिथून आसनगाव स्टेशन, मग लोकल. जाऊन-येऊन दिवस जातो, म्हणजे एका माणसाचा रोज बुडतो. कातकरी वाडीतल्या मुलाचे आईबाप तर दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेले असतात ते पावसाच्या तोंडावर येतात. त्याच्या प्रगतिपुस्तकावर सही करायलाच घरी कुणी नसतं, ठाण्याला कोण नेणार? त्यातल्या त्यात हाताशी आहे तो फोन. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहेच. हे दोन नंबर सेंड-ऑफच्या फळ्यावर ‘शुभेच्छा’च्या खाली लिहायला काहीच हरकत नाही. त्यात ‘च्छा’ पण नाही.

सगळंच सावरणं डॉक्टरकडे होतं असंही नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे शास्त्रज्ञ मोठ्या कंपनीतलं संशोधन सोडून १९८३ मध्ये तिथे गेले आणि शाळेत न रमलेल्या मुलांसाठी त्यांनी वर्षभराचा निवासी अभ्यासक्रम उभा केला. वेल्डिंग, सुतारकाम, वीज, शेती, जनावरं, घर आणि आरोग्य. सगळं हातानं करून शिकायचं आणि गावातल्या लोकांची खरी कामं करून द्यायची. तिथे कुणी ‘थेरपी’ हा शब्द वापरत नसेल. पण ज्याला नऊ वर्षं ‘तुला येत नाही’ हेच ऐकवलंय, त्यानं स्वतः जोडलेलं गेट कुणाच्या तरी अंगणात उभं राहिलं, तर त्याच्या मनाचं काय होत असेल? माझ्या मामेभावाला नववीत पाबळ माहीत असतं तर, असा विचार मी खूप केला. पण आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आम्हाला शहापूर-मुरबाडच्या पलीकडे कल्याण माहीत होतं, आणि त्यालाही तेच माहीत होतं. म्हणून तर तो तिथे गेला.

मागच्या रविवारी मी मामाकडे गेले. तो आता एकोणीस वर्षांचा आहे, मुरबाड एमआयडीसीत एका कारखान्यात कंत्राटावर आहे. मधल्या काळात सतरा नंबरचा फॉर्म भरून तो दहावी पास झाला. (बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांचा हा फॉर्म आमच्याकडे सगळ्यांना नंबरानंच माहीत असतो.) गणितात त्याला पस्तीसपेक्षा जास्त पडले, हे मामी प्रत्येक पाहुण्याला सांगते, किती जास्त ते सांगत नाही. दुपारी उन्हं कलली तेव्हा आम्ही मागच्या आंब्याखाली बसलो होतो. मी म्हटलं, ‘माझा एक लेख आहे. वर्षाच्या शेवटी मुलांचं मनोगत. तुझं राहिलंय.’

तो लगेच उभा राहिला, हात मागे बांधले. ‘सन्माननीय व्यासपीठ...’ दोघंही हसलो. मग तो परत बसला आणि काडीनं मातीत रेघा मारत बोलायला लागला. मी वही बाहेर काढली नाही. आत्ता लिहितेय ते त्याला वाचून दाखवून, त्यानं ‘चालेल’ म्हटल्यावर.

‘ताई, मी पळून नव्हतो चाललो. मला सही करायची होती. बाबांची सही मला जमत नव्हती, म्हणून म्हटलं आज घरी नाय जायचं, सही जमली की उद्या जाऊ. सरळगावला एसटीत बसलो. कल्याणपर्यंत वहीच्या मागं सह्याच करत होतो. तिथं उतरल्यावर लय गर्दी. मग परत यायला पैसे पुरतील का नाय ते कळंना. पुलावर झोपलो. एक पोरगा होता, त्यानं मला बिस्किटाचा अर्धा पुडा दिला आणि माझी पट्टी घेतली, कंपासमधली. दुसऱ्या दिवशी एका गाडीत चढलो तर ती उतरवलीच इगतपुरीला. तिथं सही जमली. एकदम सेम. पण आता घरी काय सांगू? चार दिवस सही करत होतो?’

मी विचारलं, परत आल्यावर कुणी विचारलं असतं, तर सांगितलं असतंस?

‘पहिल्या दिवशी सांगितलं असतं,’ तो म्हणाला. ‘मग त्यांनी कोंबडी कापली. मग मला वाटलं, हे लोक खूश आहेत, आता कशाला.’

आणि ते प्रगतिपुस्तक? ते अजून आहे त्याच्याकडे. मामीच्या पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाच्या खाली. सहीच्या चौकटीत सही आहे. मामाला अजून वाटतं की ती त्याचीच.

सव्वातीन वाजता तो उठला, सेकंड शिफ्ट होती. हेल्मेट घालता घालता म्हणाला, ‘नाव नको टाकू माझं. कंपनीतली पोरं पेपर वाचतात.’ मी म्हटलं, नाही टाकत. गाडीला किक मारली, ती बंद केली, आणि परत वळून म्हणाला, ‘आभार राहिले गं. भाषणात शेवटी आभार असतात ना? लिही, इगतपुरी स्टेशनच्या बाहेर एक चहावाले काका होते, टोपी घालायचे. त्यांनी माझ्याकडून नंबर घेतला तेव्हा काय केलं नाय केलं काय विचारलं नाय, आधी चहा दिला, मग खारी दिली आणि मग म्हणाले, घरचा नंबर पाठ आहे का तुला. बारा रुपये झाले होते. ते द्यायचे राहिलेत.’